रोजच्या जगण्याचं इंग्रजी संभाषण: ट्रेडच्या मुलांना सुरुवात कुठून करून द्यावी?

गिरमिट

नमस्कार मंडळी,

मी व्यावसायिक प्रशिक्षणाच्या मुलांना इंग्रजी संभाषण शिकवतो. वायरमन, फिटर, प्लंबिंग, शिवणकाम, ब्यूटी पार्लर असे सगळे ट्रेड या एका तासाला एकत्र बसतात. वय सतरापासून तिशीपर्यंत. शाळेत इंग्रजी होतं, त्यात सगळे पासही झालेत, पण तोंडातून वाक्य निघत नाही.

पुस्तकातलं पहिलं प्रकरण 'माय डेली रूटीन'. फळ्यावर लिहून दिलं की सगळे खणखणीत म्हणतात, 'आय गेट अप ॲट सिक्स ओक्लॉक.' अख्खा वर्ग सहाला उठतो! रात्रपाळी करून पहाटे आडवा होणारा मुलगाही सहालाच उठतो. आणि जरा वेगळं विचारलं, 'व्हॉट डू यू डू आफ्टर क्लास?', की चिडीचूप. माना खाली.

तर प्रश्न असे, की सुरुवात व्याकरणाने करावी की थेट बोलण्याने? विषय रोजच्या जगण्यातले घ्यावेत की ट्रेडचं इंग्रजी आधी द्यावं? आणि चुका किती काढाव्यात? अनुभवी लोकांनी लिहावं. पुस्तकी उपदेशही चालेल, पण सोमवारी वर्गात करता येईल असं काहीतरी द्या.

तळटीप

चांगला धागा. जागा धरून ठेवतो, सवडीने लिहितो.

वाकडीवाट

'हाऊ आर यू?' ला 'आय ॲम फाइन थँक यू' हे उत्तर शाळेत इतकं घोटून घेतलेलं असतं की विचारता सोय नाही. आमच्या वर्कशॉपात एक पोरगा हाताला पट्टी बांधून, चेहरा वेदनेने वाकडा करून आला. सरांनी विचारलं, हाऊ आर यू? पोरगा म्हणाला, आय ॲम फाइन थँक यू, अँड यू? सर म्हणाले, मीपण बरा आहे, आता दवाखान्यात जाऊ.

जुनंखोड

व्याकरणाशिवाय बोलणं म्हणजे नुसती बडबड. आधी क्रियापदांची रूपं, काळ, डू-डज पक्कं करून घ्या. वर्गात मातृभाषा पूर्ण बंद. महिनाभर त्रास होईल, मग आपोआप बोलतील. आम्ही असेच शिकलो.

मुक्कामपोस्ट

@जुनंखोड, आपण असेच शिकलो हे खरं, पण आपल्याबरोबरचे किती जण असे न शिकताच बाहेर पडले तेही आठवा. :)

रातपाळी

मी शिकवत नाही, मी शिकलेली आहे. रुग्णसेविकेचा कोर्स केला, आता परभाषकांमध्ये काम करते. त्यामुळे बाकाच्या या बाजूचं सांगते.

ट्रेडचे शब्द अवघड नसतात. वस्तू समोर असते, तिचं नाव दिवसातून दहादा कानावर पडतं, काही दिवसांत ते तोंडात बसतं. मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टींची. आज उशीर होणार आहे हे फोनवर कळवायचं. पाळी बदलून मागायची. सुट्टीत सगळे हसत असताना आपणही दोन वाक्यं बोलायची. नवी आली तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम कोपऱ्यात बसायचे, कोणी काही विचारलं तर काय घ्या! कामात कुठेही अडत नव्हतं, तरी लोकांना वाटायचं की ही शिष्ट आहे.

म्हणून गिरमिट सर, रोजच्या जगण्याचं इंग्रजी अजिबात सोडू नका. फक्त 'रोजचं' कशाला म्हणायचं ते बघा. दात घासणं हे रोजचं खरं, पण मला दात घासण्याबद्दल आजवर कोणीही विचारलेलं नाही.

वाकडीवाट

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

अर्धविराम

रातपाळी यांचा प्रतिसाद प्रशिक्षणवर्गाच्या दारावर लावावा असा आहे.

त्याला जोडून एक. डेली रूटीनच्या धड्याची खरी अडचण ही, की तिथे विचारण्यासारखं काही उरतच नाही. सगळ्यांना सगळं माहीत. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे ते खऱ्या आयुष्यात आपण कोणाला विचारतो का? मी एका आठवड्याचं वेळापत्रक बनवते आणि त्याच्या दोन प्रती काढते. पहिल्या प्रतीतली अर्धी घरं रिकामी असतात, दुसऱ्या प्रतीतली उरलेली अर्धी. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारून विचारून आपली घरं भरायची आणि शेवटी दोघांनाही मोकळी असलेली एक वेळ शोधायची. पाच मिनिटांत वर्गात इतका गोंगाट होतो की शेजारचे सर दार वाजवतात. भाषाशिक्षणात याला 'इन्फर्मेशन गॅप' म्हणतात. साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे बोलण्याला कारण मिळतं.

त्यात लागणारी वाक्यं मोजकी असतात. 'व्हॉट टाइम डू यू...', 'आर यू फ्री ऑन...', 'व्हॉट अबाउट...'. ही अखंड तुकडा म्हणून पाठ करून घ्यायची. त्यातला 'डू' कुठून आला ते आज सांगत बसायचं नाही. तो 'डू' समजावायला गेलं की तास संपतो आणि प्रश्न विचारायचा राहतो.

जुनंखोड

म्हणजे पोपटपंचीच. मी व्याकरण म्हटलं तर बडबड बरी, आणि तुम्ही पाठांतर म्हटलं की ती पद्धत!

अर्धविराम

काका, पाठांतराला माझा विरोध नाहीच. पाठ काय करायचं यावर आपला वाद आहे. तुम्ही उत्तरं पाठ करून घेता, मी प्रश्न.

तळटीप

आता सविस्तर.

चुकांबद्दल. इंग्रजी शिकणारे व्याकरणातल्या खुणा बऱ्याचशा ठरावीक क्रमाने आत्मसात करतात, असं १९७० च्या दशकातल्या अभ्यासांतून पुढे आलं. ड्युले आणि बर्ट यांचं काम त्यातलं प्रसिद्ध. क्रियापदाचं 'इंग' आणि अनेकवचनाचा 'एस' लवकर येतो. 'ही गोज', 'शी वर्क्स' यांतला 'एस' मात्र फार उशिरा पक्का होतो, नियम तोंडपाठ असला तरीही. आपली पुस्तकं तो पहिल्याच महिन्यात मागतात आणि आपण त्यासाठी मुलांना वाक्यावाक्याला अडवतो. 'माय ब्रदर वर्क इन अ गॅरेज' हे ऐकणाऱ्याला शंभर टक्के कळतं. त्याला जाऊ द्या.

पण सगळंच सोडून द्या असंही नाही. आपल्याला एक सवय असते. मुलाचं वाक्य चुकलं की बरोबर वाक्य आपणच म्हणतो आणि पुढे जातो. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक सगळ्यांत जास्त हेच करत होते, आणि मुलं स्वतः सुधारून म्हणण्याचं प्रमाण त्यातच सगळ्यांत कमी होतं. त्यापेक्षा 'सॉरी? से दॅट अगेन?' असं विचारून थांबलं तर मूल स्वतः दुरुस्ती करायला बघतं. अर्थ बिघडवणारी चूक असेल तिथेच हे करावं. बाकीच्या चुका वहीत टिपून ठेवायच्या आणि शेवटची पाच मिनिटं नाव न घेता फळ्यावर घ्यायच्या.

आणि थांबायला शिकायचं! मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये पाहिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा थोडं अधिक थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. हे प्रयोग मातृभाषेत शिकणाऱ्या मुलांवरचे. परक्या भाषेत तर आधी प्रश्न समजायचा, मग वाक्य जुळवायचं, मग धीर गोळा करायचा. गिरमिट, तुमचा वर्ग चिडीचूप होतो म्हणता, तेव्हा तुम्ही किती वेळ थांबता?

गिरमिट

घड्याळ लावून कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं. तीन सेकंदांची शांतता म्हणजे युगासारखी वाटते हो. मलाच घाम फुटला.

स्वल्पसंतुष्ट

थांबण्याची सवय घरीही करून बघितली. बायकोने विचारलं, आज काय झालंय तुम्हाला?

नाखवा

जहाजावरचा माणूस आहे, थोडं अवांतर लिहितो, गोड मानून घ्या.

आमच्याकडे एका जहाजावर अनेक देशांचे लोक असतात, आणि बहुतेकांचं इंग्रजी बेताचं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केला. हुकूम कसा द्यायचा, जागा कशी सांगायची, धोका कसा कळवायचा, सगळं ठरलेलं. सुकाणूवरच्या माणसाला हुकूम दिला की तो आधी तोच हुकूम उलट म्हणून दाखवतो, मग पाळतो. ऐकलं आणि बरोबर ऐकलं, याची खात्री तिथेच होते.

वर्गात हे करून बघा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने आधी उलट म्हणायचं, 'यू वाँट द स्मॉल वन, राइट?', आणि मग करायचं. आकड्यांना तर नक्कीच. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी यांत भलेभले गडबडतात. यात जोर कुठे पडतो तेवढंच शिकवायचं, टीनवाल्यांत शेवटी आणि टीवाल्यांत सुरुवातीला. तरी खात्री नसेल तर 'वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?' असं सरळ विचारायचं. यात लाज कसली?

खुंटी

नाखवा, मग सगळी वाक्यंच ठरवून दिलेली असतील तर काम सोपं. ट्रेडलाही अशी शंभर वाक्यं द्यावीत आणि मोकळं व्हावं. उगाच गप्पा कशाला शिकवायच्या?

नाखवा

तेच सांगायचं राहिलं. ठरलेली वाक्यं ठरलेल्या प्रसंगापुरती. रोजचं सुरळीत चाललंय तोवर ती पुरतात. अनपेक्षित काही घडलं की माणसाला साध्या इंग्रजीत आपलं आपण बोलावं लागतं. विमानवाल्यांनाही हे कळलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांसाठी आणि नियंत्रकांसाठी मार्च २००८ पासून भाषेची किमान चौथी पातळी लागते, एकूण सहापैकी. तिथे उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ आणि आकलन यांच्याबरोबर संवाद हाही वेगळा निकष आहे. गैरसमज झाल्यासारखा वाटला तर विचारून, पडताळून, खुलासा करून तो निस्तरता येतो का, हे त्यात बघतात. एवढी ठरीव भाषा हाताशी असूनही.

अर्धविराम

नाखवा, अवांतर कसलं, धाग्याचा गाभाच सांगितलात. आपली मुलं गप्प बसतात ती शब्द नसतात म्हणून कमी, आणि बोलणं अडलं तर पुढे काय करायचं ते ठाऊक नसतं म्हणून जास्त. समजलं नाही हे सांगायलाही इंग्रजी लागतं, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी हे द्या: 'सॉरी?', 'स्लोली, प्लीज', 'से इट अगेन', 'हाऊ डू यू से धिस?', 'डू यू मीन...?', 'वन मिनिट, लेट मी थिंक'. वर्गात कोणी 'स्लोली, प्लीज' म्हणालं की शिक्षकाने खरोखर सावकाश बोलायचं. आपण म्हटलेल्या वाक्याने मास्तर हलतो, हे त्यांना दिसलं पाहिजे.

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीत अगदी पहिल्या पातळीचं वर्णनच असं आहे, की समोरचा हळू आणि स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तर साधा संवाद साधता येतो. म्हणजे समोरच्याची मदत त्या पातळीत गृहीतच धरली आहे. मग ती मागता येणं हा पहिला धडा असायला नको का?

जुनंखोड

हे पटलं. (नोंद घ्यावी, रोज पटत नाही.)

वाकडीवाट

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

सांजपाखरू

थोडा वेगळा मुद्दा. 'रोजचं जगणं' हा विषय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मी शिवणाच्या वर्गाला शिकवते. 'टेल अस अबाउट युवर फॅमिली', 'व्हॉट डज युवर फादर डू?' असले प्रश्न पुस्तकात बिनदिक्कत असतात. कोणाचे वडील गेलेले, कोणाचे घर सोडून गेलेले, कोणाचं काम सुटलेलं, कोणी स्वतःच घरातून निघून आलेली. तिला परक्या भाषेत, पन्नास जणांसमोर, हे सांगायला लावायचं? ती गप्प बसते आणि आपण म्हणतो, इंग्रजी कच्चं आहे.

म्हणून मी प्रत्येकाला एक खोटा माणूस बनवायला लावते. नाव, वय, काम, घरी कोण, कधी उठतो, कशाचा वैताग येतो, सगळं मनचं. पुढचे कित्येक तास त्याच माणसाच्या तोंडून बोलायचं. ज्याला स्वतःचं खरं सांगायचंय त्याने खरं सांगावं, कुठलं खरं ते मी विचारत नाही. फायदा असा होतो की चूक झाली तर ती त्या खोट्या माणसाची. सगळ्यांत लाजरी मुलगी अशा वेळी वैमानिक होते आणि दुपारी बारापर्यंत झोपते.

रातपाळी

सांजपाखरू ताई, तुम्ही आमच्या वेळी का नव्हता?

खुंटी

दुपारी बारापर्यंत झोपणाऱ्या वैमानिकाच्या विमानात मी बसणार नाही.

नाखवा

जहाजाने या.

मुक्कामपोस्ट

ट्रेड की रोजचं हा वाद मला उगाच वाटतो. रचना दोन्हीकडे एकच. 'फर्स्ट आय वॉश, देन आय ड्रेस, आफ्टर दॅट आय लीव्ह' आणि 'फर्स्ट आय स्विच ऑफ द मेन, देन आय चेक विथ अ टेस्टर, आफ्टर दॅट आय ओपन द बोर्ड'. मी तर उलटा जातो, आधी काम आणि मग घर. कारण कामाबद्दल बोलताना या मुलांचा कणा ताठ असतो. तिथे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. 'मला बोर्ड कसा उघडतात माहीत नाही, शिकव' असं म्हटलं की पठ्ठ्या तुटक इंग्रजीत का होईना, पण हुकूम सोडायला लागतो. मी मुद्दाम चुकीचं करतो. मग 'नो नो सर! स्टॉप! नॉट धिस, दॅट!' असा आरडाओरडा. (अर्थात वीज बंद असलेल्या सरावाच्या बोर्डावर. घरी करून बघू नये.)

जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत याच्या जवळची, ऐकलेल्या सूचनेवर अंगाने कृती करायची. तिच्यात सुरुवातीला शिकणाऱ्यांवर बोलण्याची सक्ती नसते, हे मला आवडतं. हात गुंतले की जीभ सैल सुटते, निदान माझ्या वर्गात तरी.

जुनंखोड

मातृभाषेचं काय मग? ती चालू द्यायची?

तळटीप

खेळ कसा खेळायचा हे मातृभाषेत दोन वाक्यांत सांगा, खेळ इंग्रजीत खेळा. इंग्रजीत नियम समजावण्यात दहा मिनिटं गेली तर नुकसान त्यांचंच. आणि जोडीत कुजबुज मातृभाषेत झाली तर ऐकून सोडून द्या. बरेचदा ते एकमेकांना मदतच करत असतात.

ओघ वाढवायला ४-३-२ ही पद्धत बघा. पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती बरीच पसरली. एकच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. नवशिक्यांना एवढा वेळ झेपत नाही. त्यांना दीड मिनिट, एक मिनिट आणि चाळीस सेकंद द्या. दोन रांगा समोरासमोर उभ्या करा, दर वेळी एक रांग एक जागा सरकेल. ऐकणारा नवा, त्यामुळे तेच पुन्हा सांगायला कंटाळा येत नाही, आणि तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झालेलं त्यांचं त्यांनाच कळतं.

स्वल्पसंतुष्ट

बायकोला तीच गोष्ट तिसऱ्यांदा चाळीस सेकंदांत सांगितली. परिणाम चांगला नाही.

गिरमिट

मंडळी, आठवडाभर धागा नुसता वाचत होतो. आता वृत्तांत.

सोमवारी अर्धविराम यांची अडल्यावरची वाक्यं दिली आणि मी मुद्दाम भरधाव इंग्रजी बोलायला लागलो. आधी सगळे हसले. मग मागच्या बाकावरून हळूच 'स्लोली, प्लीज' आलं. मी हळू झालो. मग सगळ्यांनी मिळून माझा छळ मांडला. तास संपेपर्यंत मी एका श्वासाला एक शब्द या वेगावर आलो होतो.

वेळापत्रकाचा खेळ अर्धा जमला. फिटरवाल्यांनी सरळ एकमेकांचे कागद बघून घरं भरली आणि 'फिनिश सर' म्हणून बसले. पुढच्या वेळी पाठीला पाठ लावून बसवतो. खोटा माणूस मात्र तुफान चालला. रात्रपाळीवाल्या मुलाचा माणूस फक्त झोपतो, आणि त्याच्या झोपेबद्दल बाकीच्यांनी इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्याला कितीतरी वाक्यं बोलावी लागली.

दोन-तीन मुली अजूनही तोंड उघडत नाहीत. त्यांना सध्या तसंच राहू दिलंय, जोडीत ऐकतात आणि लिहून घेतात.

आता नवी पंचाईत. वर्षाअखेरीस तोंडी परीक्षा आहे. परीक्षक बाहेरून येणार, प्रश्न विचारणार आणि मार्क देणार. तिथे मुलाने 'से इट अगेन, प्लीज' म्हटलं तर मार्क कापतील ना?

अर्धविराम

कापणारे कापतील, म्हणून आधीच बोलून घ्या. गुणांचा तक्ता तुम्हीच करून परीक्षकाला पाठवा. पाठ केलेल्या भाषणाला कमी गुण, मुलाने परीक्षकाला विचारलेल्या प्रश्नाला वेगळे गुण, आणि न समजल्यावर विचारून घेतलं तर त्याला पूर्ण गुण. बरेच परीक्षक तयार तक्ता मिळाला तर खूष होतात, त्यांचंही काम वाचतं. जमल्यास दोन-दोन मुलांना एकदम बसवा, एकमेकांशी बोलू द्या आणि परीक्षकाने नुसतं ऐकावं.

जुनंखोड

मी अशा परीक्षांना जात असतो. तक्ता पाठवलात तर मी तरी वापरेन. फक्त 'ही गो' ऐकून माझा चेहरा वाकडा झाला तर मुलांना सांगून ठेवा, तो त्यांच्यासाठी नाही.

वाकडीवाट

काका, तेव्हा मुलं विचारतील, 'हाऊ आर यू, सर?'

गिरमिट

:) तक्ता करायला घेतो. कच्चा खर्डा रविवारपर्यंत इथेच टाकतो, चिरफाड करा. सांजपाखरू, तुमच्या खोट्या माणसाच्या कागदावर नेमके कोणते रकाने असतात तेही लिहाल का?